खालून ढकलणारे दात आणि तीन थर

शिलाई मशीनचे दात कापड खालून पुढे ढकलतात आणि वरचा फूट ते नुसते दाबून धरतो. ब्लाउज किंवा पिशवी शिवताना या व्यवस्थेबद्दल कुणाची तक्रार नसते. दोन पातळ पदर असतात, हाताने जरा ओढून-सावरून घेतले की काम भागते. क्विल्टचे तसे नाही. वर कापडाचे शेकडो तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा भराव, खाली अस्तर. दातांची पकड असते ती अस्तरावर. वरचा थर फुटाखाली अडतो, मागे राहतो, फुटापुढे त्याची लाट जमत जाते. मग आडवी टीप लागली की ती लाट चुणी होऊन कायमची शिवली जाते. मशीन क्विल्टिंगची म्हणून जी काही विद्या अमेरिकेत गेल्या दीडशे वर्षांत जमली, तिचा बराचसा भाग या एका खोडीला दिलेले उत्तर आहे. नक्षीचे कौतुक नंतर.

मशीन आणि क्विल्ट यांची गाठ जुनी आहे. एलायस हाऊने १८४६ साली पेटंट घेतले, आयझॅक सिंगरने १८५१ साली, आणि हप्त्यांवर विक्री सुरू झाल्यावर मशीन अमेरिकी घरांत शिरले. त्या काळच्या काही क्विल्टांवर मशीनची टीप मुद्दाम दिसेल अशी मारलेली आढळते. घरात मशीन आहे, हे पाहुण्यांना कळायला हवे ना! विसाव्या शतकात मात्र वारे फिरले. हाताने घातलेला टाका तेवढा खरा आणि मशीनची टीप म्हणजे आळस, असा दंडक झाला. जत्रांतल्या नि प्रदर्शनांतल्या स्पर्धांमध्ये तो बराच काळ टिकला.

हा दंडक न मानणाऱ्यांत नेब्रास्काच्या डेव्हिड सिटीजवळचा एक शेतकरी होता, अर्नेस्ट हाइट. शेती-अभियांत्रिकी शिकलेला. बायकोच्या जोडकामातले कोपरे जुळत नाहीत, असे तो बोलून गेला. तिने मग तूच करून दाखव म्हटले, आणि गडी खरोखरच बसला. अभियंत्याने करावा तसा त्याने प्रश्न सोडवला. टीप तिरकी न्यायची, कडेला पोचली की काटकोनात वळवायची, पुन्हा तिरकी, पुन्हा कडेला. धागा न तोडता सबंध चौकट भरत जाते, मधोमध गाठी मारण्याचा खटाटोप नाही. १९७४ साली त्याने गृहिणींसाठी मशीन क्विल्टिंगची एक छोटी पुस्तिकाही काढली. ज्या कामाला लोक आळस म्हणत होते, त्यात या माणसाने केवढी भूमिती ओतली होती!

आता मूळ मुद्दा, थर पक्के करण्याचा. हे काम मशीनवर बसण्याआधीच सुरू होते. अस्तर उलटे पसरून टेबलाला किंवा फरशीला चिकटपट्टीने ताठ बसवायचे. ताठ, पण ताणलेले नव्हे. ताणले तर सुटताच ते आखडते आणि मागच्या बाजूला चुण्या पडतात. त्यावर भराव, त्यावर दर्शनी थर. खालचे दोन्ही थर चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठे ठेवतात, कारण शिवताना सगळेच थोडे आत ओढले जाते. मग मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. हातशिलाईवाले इथे कच्चा दोरा घालतात. मशीनवर तो फुटात अडकतो आणि नंतर टिपांखालून उपसताना जीव जातो. पिना लावणे हे सगळ्यात कंटाळवाणे काम, आणि त्यातच सगळ्यात जास्त लोक घाई करतात.

त्यानंतर वॉकिंग फूट. नेहमीच्या फुटापेक्षा हा बोजड असतो. त्याची एक दांडी सुईच्या स्क्रूवर बसते आणि सुईच्या वरखाली होण्याबरोबर फुटातले स्वतःचे दात कापड वरूनही पुढे सरकवतात. खालच्या दातांना वरून जोडीदार मिळाला की लाट जमायचे जवळजवळ थांबते. या फुटाने पहिल्यांदा मुख्य जोडांवर टीप मारतात: मधला उभा जोड, मधला आडवा, मग मधून बाहेर एकेक. ही टीप जोडाच्या खाचेत लपवायची असते. जोडाची शिवण एका बाजूला दाबून इस्त्री केलेली असते, त्यामुळे एक बाजू उंच आणि दुसरी खोल. सुई खोल बाजूला, उंचवट्याला चिकटून चालली पाहिजे. शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री केली असेल तर खाच उरतच नाही आणि सुई थेट जोडाच्या धाग्यावर पडते. अशा टिपा प्रेक्षकाला दिसत नाहीत. माझ्या मते क्विल्ट तरतो किंवा बुडतो तो इथेच, कारण या जाळ्यानंतर पिना काढल्या तरी थर हलत नाहीत आणि पुढची नक्षी कुठूनही सुरू करता येते.

आपल्या शेजारचे उत्तर याच्या नेमके उलटे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात ती बाहेरच्या काठापासून आत, एकामागून एक चौकटी घालत. चिंध्या आधी जोडायच्या नाहीत. जुन्या साडीच्या अस्तरावर ठेवत, कडा दुमडत, धावदोऱ्यानेच जोडत जायचे. हात प्रत्येक टाक्याला कापड सपाट करून घेतो, म्हणून काठापासून सुरुवात चालते. मशीनवर हे केले तर मधोमध जमलेला झोळ कुठे न्यायचा?

जाळे बसले की नक्षीची पाळी. दात खाली पाडायचे किंवा पट्टीने झाकायचे आणि रफूचा फूट लावायचा. मग कापड सरकते ते फक्त हाताने. आपल्याकडच्या शिवणवर्गांत गोल फ्रेम लावून, दात बंद करून मशीनवर भरतकाम शिकलेल्या बायकांना हे नवे वाटणार नाही. फरक वजनाचा. इथे फ्रेमऐवजी दोन्ही बाजूंना पलंगभर वळकटी असते आणि मशीनच्या उजवीकडच्या सात-आठ इंचांच्या पोकळीतून ती सरकवावी लागते. टाक्याची लांबी आता मशीन ठरवत नाही. हात आणि पाय यांचा मेळ ठरवतो. वळणावर हात सुईपेक्षा जोरात धावला की बॉबिनचा दोरा वरच्या दोऱ्याला खाली खेचतो आणि मागे दोऱ्याचे बारीक आकडे दिसू लागतात. लोक लगेच ताणाचा स्क्रू फिरवतात. बऱ्याचदा स्क्रू बरोबरच असतो, हात चुकत असतो.

दाटीचा हिशेबही ठेवावा लागतो. जितकी टीप दाट, तितके कापड आक्रसते. मधला भाग गच्च भरला आणि किनार मोकळी ठेवली तर किनारीला झालर पडते, ती कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. सुटा कापूस असेल तर दोन-तीन इंचांत टीप हवीच, नाहीतर धुण्यात त्याच्या गोळ्या होतात. जुन्या क्विल्टांवरची दाट शिलाई हौसेची जितकी, तितकीच या गरजेची. आजचे सुयांनी घट्ट केलेले भराव आठ-दहा इंचांची मोकळीकही देतात.

केंटकीतल्या पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचे प्रदर्शन १९८५ पासून भरते. १९८९ साली तिथे कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना २: सोलर एक्लिप्स’ला सर्वोत्कृष्टाचा मान मिळाला. त्या प्रदर्शनात मशीनवर टीप मारलेल्या क्विल्टला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. स्वतः रंगवलेल्या कापडांतून त्यांनी खग्रास ग्रहणाची प्रभा उभी केली होती. नाराज झालेले पुष्कळ होते. तो क्विल्ट आता त्याच गावातल्या, १९९१ साली उघडलेल्या क्विल्ट संग्रहालयात आहे. तोवर हॅरिएट हारग्रेव्ह यांनी पुस्तकांतून आणि वर्गांतून हातशिलाईची जुनी नक्षी मशीनवर कशी उतरवायची हे शिकवायला घेतलेच होते.

लांब हाताच्या मशीनने खेळच बदलला. त्यात तिन्ही थर रुळांवर गुंडाळून ताठ धरलेले असतात आणि चाकांवर बसवलेले मशीनच त्यांच्यावरून फिरते. पिना नाहीत, वॉकिंग फूट नाही. मग दर्शनी थर आपण जोडायचा आणि टीप पैसे देऊन मारून घ्यायची, असा व्यवसायच उभा राहिला. संगणकावर नक्षी निवडली की मशीन ती स्वतः काढते. नक्षी देखणी निघते, यात शंका नाही. पण एकच पान किनारीपासून किनारीपर्यंत पाहून मला तरी कंटाळा येतो.

शेवटचे काम मात्र सगळ्यांना सारखे. क्विल्ट ओला करायचा, काटकोनात ताणून पिनांनी बसवायचा, वाळला की कडा कापायच्या. मग गोट. अडीच इंचांची पट्टी दुमडून दुहेरी करतात. सरळ कडेला सरळ कापलेली चालते, गोलाईला उरेब पट्टीच हवी. पुढून पाव इंचावर मशीनची टीप. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी आधी वर, मग खाली दुमडली की तिरपी घडी नीट बसते. मागची बाजू बरेच जण अजूनही हाताने तुरपतात. स्पर्धेतले परीक्षक हा गोट चिमटीत धरून पाहतात: आत भराव अगदी काठापर्यंत पोचला आहे ना? तो पोकळ लागला की गुण जातात, मधली नक्षी कितीही सुंदर असो.