पाण्यातून हायड्रोजन : सारा धंदा विजेच्या दरावर

‘गाडी पाण्यावर चालवा, पेट्रोलचा खर्च निम्मा करा’ अशा जाहिराती अधूनमधून पाहण्यात येतात. गाडीच्या बॅटरीवर चालणारी एक लहानशी डबी बसवायची, ती पाण्यापासून वायू तयार करते आणि तो वायू इंजिनात जाऊन पेट्रोल वाचवतो, असे सांगितले जाते. गॅरेज चालवणाऱ्या बंधूंना अशा डब्यांची एजन्सी घेण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु पैसे गुंतवण्यापूर्वी हायड्रोजन कसा तयार होतो व त्याला काय खर्च येतो, हे समजून घ्यावे.

पाण्यात थोडा क्षार मिसळून त्यातून एकदिश वीजप्रवाह सोडला की पाण्याचे विघटन होते. एका पट्टीजवळ हायड्रोजन जमतो, दुसरीजवळ ऑक्सिजन. 9 लिटर पाण्यापासून 1 किलो हायड्रोजन व 8 किलो ऑक्सिजन मिळतो. ही विद्या नवी नाही. वनस्पती तूप बनवताना पातळ तेल घट्ट करण्यासाठी हायड्रोजनच लागतो आणि तो अशाच रीतीने तयार करणारे कारखाने आपल्या देशात फार पूर्वीपासून आहेत.

आता हिशेब पाहा. 1 किलो हायड्रोजन जाळल्यावर उपयोगी पडणारी ऊर्जा सुमारे 33 युनिट विजेइतकी असते. तो तयार करायला मात्र 50 ते 55 युनिट वीज खर्ची पडते. म्हणजे रुपया मोडून साठ-पासष्ट पैसे हाती यावेत, तसा हा व्यवहार आहे. गाडीतल्या डबीला लागणारी वीज इंजिनच तयार करते आणि इंजिन चालते पेट्रोलवर. तेव्हा बचत होणार कोठून? ज्यांना एजन्सीसाठी अनामत मागितली गेली आहे, त्यांनी एवढाच प्रश्न विचारून पाहावा.

मग सरकारे या वायूवर कोट्यवधी रुपये का खर्च करतात? कारण हायड्रोजनची गरज मोटारीपेक्षा कारखान्यांना अधिक आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया त्यापासूनच बनतो आणि तेलशुद्धीकरणातही तो लागतो. आपल्याकडेच तुर्भे व थळ येथील खत कारखाने आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने त्याचे ग्राहक आहेत. हा हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून काढतात व त्यात प्रत्येक किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सूर्य, वारा यांच्या विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणतात. केंद्र सरकारने 2023 साली ठरवलेल्या व्याख्येनुसार त्यात किलोमागे 2 किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये.

अडचण आहे ती दराची. युनिट 8 रुपयांनी पडले तर किलोमागे नुसत्या विजेचेच 400 रुपये होतात. अडीच रुपयांनी पडले तर सव्वाशे. पाण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. (मात्र ते अतिशुद्ध लागते व शुद्धीकरणात बरेच वाया जाते. वुजूच्या पाण्यातही काटकसर शिकवणाऱ्या समाजाने दुष्काळी तालुक्यांत हे विसरू नये.)

दराचा हा महिमा इतिहासातही दिसतो. पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवणारा सरकारी कारखाना 1961 मध्ये सुरू झाला. इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या विजेवर त्याच सुमारास ‘किमा’ कंपनीने हेच केले. दोन्हीकडे यंत्रे नीट चालली. पण विजेला इतर गिऱ्हाइके वाढली, तेल व वायूपासून हायड्रोजन स्वस्त पडू लागला आणि पुढे दोन्ही कारखाने त्याच मार्गाला लागले. आज जे नवे म्हणून सांगितले जाते, ते साठ वर्षांपूर्वी होऊन गेले आहे.

फरक पडला तो सौरविजेमुळे. ती आता पुष्कळ स्वस्त झाली आहे. म्हणूनच सौदी अरेबियाने निओम येथे 8.4 अब्ज डॉलरचा प्रकल्प हाती घेतला; सुमारे 4,000 मेगावॅट सौर व पवन विजेवर रोज 600 टनांपर्यंत हायड्रोजन काढण्याची ती योजना आहे. भारताने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले. तरीही सूर्य रात्री नसतो, तेव्हा महागडी यंत्रे बंद राहतात, हे दुखणे उरतेच.

वाहतूक हे दुसरे दुखणे. पन्नास किलोहून जड अशा लोखंडी सिलिंडरमध्ये हा वायू जेमतेम अर्धा किलो मावतो. निओमचा हायड्रोजनही अमोनिया बनवूनच जहाजाने पाठवायचा आहे. सिलिंडर विकत घेऊन दूरवर हायड्रोजन विकण्याची दलाली त्यामुळे लहान व्यापाऱ्याला परवडणारी नाही.

लहान कारखानदार व कारागिराला वाव आहे तो दुसरीकडे : पाणी शुद्ध करणारी यंत्रे, पाइपजोडणी, व्हॉल्व्ह, गळती दाखवणारी उपकरणे. हवेत 4 ते 75 टक्के मिसळला तरी हा वायू पेटतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. काही जातींचे पोलाद त्याच्या सहवासात ठिसूळ होते. म्हणून येथे साधा वेल्डर चालत नाही, उच्च दाबाच्या पाइपजोडणीची परीक्षा दिलेला लागतो. आखातात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने एजंटाकडे जाण्याआधी ते प्रमाणपत्र मिळवावे. भारतात ते काम निघाले, तरी तेच उपयोगी पडेल.