सुनेसमोर न सांगता येणारे दुखणे

गेल्या पावसाळ्यात सत्तरी उलटलेल्या एक आजी सुनेचा हात धरून माझ्या उरणच्या दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) खुर्चीत बसताच खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, खाली आग होते." बाहेर तापाच्या रुग्णांची रांग होती. आजींना मधुमेह, तेव्हा बुरशीच असणार असे गृहीत धरून मी फ्लुकोनॅझोलची एक गोळी व मलम लिहून दिले. पंधरा दिवसांनी तीच तक्रार, माझ्याकडून तेच औषध.

तिसऱ्या वेळी आजी एकट्या आल्या. दार लावून घेतले, सिस्टरना जवळ बसवले आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते विचारले. कपड्याला डाग पडतात का? पडतात. वास येतो? येतो. रंग? "कधी कधी लालसर." अंग बाहेर येण्याचा त्रास होता का? त्यावर आजी म्हणाल्या, "होता ना. आठ-नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी आत कडी बसवली होती." गर्भाशय खाली सरकू नये म्हणून बसवलेली ती कडी दर काही महिन्यांनी काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवायची असते. आजी विसरल्या होत्या आणि घरात कोणाला ठाऊकच नव्हते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी कडी काढली, आतल्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवला. सुदैवाने कर्करोग नव्हता. पण त्या तीन भेटींमध्ये वाया गेलेल्या महिनाभराचा दोष माझाच आहे.

अशा दुखण्यांबाबतचे मौन किती खोल असते, हे महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 च्या जानेवारीत तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि एकूण आजारांत निम्मा वाटा जंतुसंसर्गांचा होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ 8 टक्के. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले तेही त्याच वर्षी. बंदर केवढे वाढले. तपासणीच्या पलंगावर चढण्याचा संकोच मात्र माझ्या दवाखान्यात आजही तेवढाच आहे.

अंगावरून पांढरे जाण्याची कारणे अनेक आहेत, आणि नुसत्या वर्णनावरून डॉक्टरही फसतो. दह्यासारखा घट्ट स्राव व प्रचंड खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ, करडा, माशासारख्या वासाचा स्राव असेल तर योनीतील उपयुक्त जिवाणूंचा समतोल बिघडलेला असतो. पिवळसर-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीमुळे असू शकतो. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पुष्कळदा उलगडा होतो. तरुणपणी योनीत आम्लता असते; पाळी गेल्यावर ती कमी होते, म्हणून आम्लता मोजणाऱ्या कागदी पट्टीवर म्हातारपणी विसंबता येत नाही.

या वयात आणखी एक कारण फार आढळते, आणि तो संसर्ग नव्हेच. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीचे अस्तर पातळ व कोरडे पडते, आग होते, लघवीलाही जळजळते. त्यावर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावल्यास आराम पडतो. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते आधी सांगावे.

मधुमेहींनी आपल्या गोळ्यांची नावे पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लघवीवाटे साखर बाहेर पडते आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. पुरुषांच्या शिश्नाच्या टोकालाही हा त्रास होतो. गोळी परस्पर बंद करू नका, पण त्रास सांगा. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना फ्लुकोनॅझोल वा मेट्रोनिडॅझोल घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. काही मधुमेहाच्या गोळ्यांसोबत फ्लुकोनॅझोलने साखर एकदम उतरते. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषध आणणे टाळावे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे तर खाज दोन दिवस दाबतात आणि दुखणे लांबवतात. तुरटीचे पाणी, डेटॉल, सुवासिक साबण आत वापरू नयेत. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे.

आता अवघड भाग. बुरशी आणि जिवाणूंचा असमतोल हे लैंगिक संबंधांतून आलेले आजार मानले जात नाहीत. एखाद्या विधवा आजींना खाज सुटली म्हणून कुजबुज करण्याचे काही कारण नाही. ट्रायकोमोनास, परमा, गरमी हे मात्र संबंधांतून पसरतात, आणि साठीनंतर संबंध संपतात ही तुमची-आमची समजूत आहे, निसर्गाचा नियम नव्हे. असा आजार निघाल्यास जोडीदारावरही उपचार हवेत, नाहीतर तो पुन्हा परततो. ट्रायकोमोनास लक्षणांवाचून दीर्घकाळ शरीरात राहू शकतो. तेव्हा निदान हाती पडताच म्हाताऱ्या जोडप्याने एकमेकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. गरमीची व्हीडीआरएल तपासणी वयोमानाने चुकीची सदोषही दिसू शकते, म्हणून टीपीएचए तपासणीने खात्री करतात. जिल्हा रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात, नावही गुप्त राहते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. डायपर ओला होताच बदला. स्वच्छ करताना पुढून मागे पुसा, उलट नव्हे. त्वचा दाबून कोरडी करा. बोलता न येणारी आजी सारखा हात खाली नेत असेल, लघवी करताना कण्हत असेल, तर तो हट्ट समजू नका.

पाळी गेल्यावर कपड्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कर्करोग नाही याची खात्री होईपर्यंत थांबायचे नाही. आत कडी किंवा तांबी असेल तर ती बसवल्याचे वर्ष घरच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि सूनबाई, लेकी, दवाखान्यात सोबत जरूर या, पण पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसा. माझ्या आजी तिसऱ्या वेळी एकट्या आल्या, तेव्हाच बोलल्या.