ताप उतरतो त्या दिवशी

पाऊस ओसरू लागला की आमच्या गल्लीत डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात. कुणाचं मूल आजारी पडलं, की विचारपूस करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'पेशी किती आहेत?' मागे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या नातवाला डेंग्यू झाला, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. चौथ्या दिवशी पोराचा ताप उतरला. आपा म्हणाली, 'सुटलो बाबा एकदाचे!' डॉक्टर मात्र म्हणाले, 'खरी काळजी आता घ्यायची. संध्याकाळी आणि उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासू.'

आम्ही चक्रावलो. ताप गेल्यावर कसली काळजी?

मी काही वैद्यकातला माणूस नव्हे. पण तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं, ते प्रत्येक आईबापाला ठाऊक हवं. डेंग्यू झालेली बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात. थोड्या मुलांच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमक्या ताप उतरण्याच्या सुमारास, पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात आणि छातीत उतरतो. हा पाझर साधारण २४ ते ४८ तास चालतो. तो फार झाला तर रक्तदाब कोसळतो आणि मूल दगावू शकतं.

हा पाझर वरून दिसत नाही. रक्ताची तपासणी तो सांगते. सीबीसीच्या अहवालात 'एचसीटी' किंवा 'पीसीव्ही' अशी एक ओळ असते. तिला हिमॅटोक्रिट म्हणतात. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हे ती सांगते. आमटीतलं पाणी आटलं की आमटी दाट होते, डाळ काही वाढलेली नसते. तसंच रक्ताचं. आपाच्या नातवाचा आकडा पहिल्या तपासणीत ३५ होता, पाचव्या दिवशी ४२ झाला. म्हणजे मूळच्या आकड्याच्या २० टक्के वाढ. डॉक्टरांच्या लेखी हीच धोक्याची घंटा. त्याच वेळी प्लेटलेट्स झपाट्यानं उतरत असतील, तर इशारा अधिक पक्का.

हे शहाणपण बँकॉकच्या मुलांच्या वॉर्डांतून आलं. १९५८ साली तिथे या आजाराची मोठी साथ आली होती. पुढे डॉ. सुचित्रा निम्मान्नित्या यांनी अशा मुलांचा बारकाईनं अभ्यास केला. त्या कामाच्या आधारानं जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली उपचारांची मार्गदर्शिका काढली.

आपाच्या नातवाला दवाखान्यात ठेवलं, मोजून-मापून सलाइन दिलं. मोजून अशासाठी, की जास्त झालं तर पाणी फुप्फुसांना जड जातं. आम्ही प्लेटलेट्सच्या पिशवीसाठी धावाधाव करायला निघालो होतो. डॉक्टरांनी थांबवलं. रक्तस्राव नसताना नुसता आकडा पाहून पिशवी चढवायची गरज नसते, म्हणाले. पुढे पेशी आपोआप वाढल्या.

पण एकट्या आकड्यावरही विसंबू नये. आतून रक्तस्राव झाला तर हिमॅटोक्रिट उलट खाली येतो आणि सगळं ठीक चाललंय असं वाटू शकतं. म्हणून आकड्याबरोबर मूल पाहायचं. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं किंवा उगाच तळमळणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा.

आणि एक साधी गोष्ट. पहिल्या तपासणीचा कागद टाकून देऊ नका. तो हाताशी असेल, तरच रक्त किती दाटलं हे डॉक्टरांना कळतं. आपानं तो कागद उशीखाली जपून ठेवला होता, म्हणून बरं!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)