औषधी वनस्पती आणि त्यांतील सत्त्व

कामठ्याच्या आसपासच्या कोणाही जाणत्या शेतकऱ्याला विचारले तर तो कुड्याचे झाड दाखवून देईल. पांढऱ्या फुलांचे हे लहानसे झाड आपल्या रानात मुबलक आहे. त्याच्या फुलांची भाजी करतात, शेंगांतील कडू बी इंद्रजव म्हणून विकले जाते, आणि घरात कोणाला आव झाली की सालीचा काढा करून देतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही कुटज याच कामासाठी सांगितला आहे. म्हणजे ग्रंथ आणि गाव यांचे येथे एकमत आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की काढा पोटात गेल्यावर आव थांबते ती त्यातील कशामुळे? सालीत तंतू आहेत, तुरट द्रव्ये आहेत, पिष्ट आहे, रंग आहेत, आणखी शेकडो पदार्थ आहेत. यांपैकी काम कोण करतो आणि नुसते सोबतीला कोण आहे, हे शोधून काढण्याच्या शास्त्राविषयी मला आज बोलावयाचे आहे.

या काम करणाऱ्या पदार्थाला आपण सत्त्व म्हणू. मात्र या शब्दाविषयी एक खुलासा केला पाहिजे. बाजारात गुळवेलसत्त्व मिळते, ते बहुतांशी गुळवेलीतील पिष्ट असते. रसायनशास्त्रज्ञाचे सत्त्व वेगळे. त्याच्या लेखी सत्त्व म्हणजे एकाच जातीच्या रेणुरचनेचा शुद्ध पदार्थ, ज्याचे स्फटिक बनविता येतात, वजन करता येते, आणि जो आज तोलला काय किंवा दहा वर्षांनी तोलला काय, तोच राहतो.

झाडे असले पदार्थ बनवितात ती आपल्यासाठी नव्हे. झाडाला पळता येत नाही आणि हातही उगारता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करावयाचा तर कडूपणा आणि विष हीच त्याची शस्त्रे. त्यामुळे वनस्पतीतील पुष्कळशी औषधे ही मुळात विषेच आहेत, आणि औषध व विष यांतील अंतर केवळ मात्रेचे असते. "झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही," असे जे आपण सहजपणे म्हणतो, त्याला धोतऱ्याची बी हे पुरेसे उत्तर आहे.

कुड्याच्या सालीतून कोनेसीन नावाचे अल्कलॉइड हेन्स या संशोधकाने १८५८ सालीच वेगळे केले होते. आवेच्या जंतूवर, म्हणजे अमिबावर, त्याचा परिणाम होतो हे पुढे दिसून आले. मग शुद्ध कोनेसीन रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा मात्रा वाढली की ते मेंदू व मज्जातंतू यांनाही त्रास देते असे आढळले. मेट्रोनिडाझोल हे कृत्रिम औषध आल्यावर कोनेसीन मागे पडले. आणखी एक अडचण अशी, की बाजारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली सापडते. दोन्ही झाडांना जोडीने शेंगा येतात, पण काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. झाडावर हा फरक ओळखता येतो. वाळलेल्या सालीच्या पोत्यात हात घालून ओळखणे कठीण. काढ्याचा गुण आला नाही म्हणून वैद्याला दोष देण्यापूर्वी पोत्यात काय होते हे पाहिलेले बरे.

शुद्ध सत्त्व हाती असण्याचा लाभ काय, हे सर्पगंधेच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या वनस्पतीचे मूळ वेडावर आणि अनिद्रेवर देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या डॉक्टरांनी या मुळाने रक्तदाब उतरतो असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. परंतु जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन, मोजमापे ठेवून, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसरपीन हे सत्त्व काढले.

मुळाची पूड देताना एका झाडात सत्त्व किती, दुसऱ्यात किती, हे डॉक्टरला कळत नसे. रेसरपीनची गोळी मिलिग्रॅमच्या अंशांत मोजून देता येऊ लागली. आणि मोजून देता येऊ लागली म्हणूनच तिचा दोषही मोजता आला. मात्रा जास्त झाली की काही रुग्ण कमालीचे उदास होत. रेसरपीन मज्जातंतूंतील काही रासायनिक साठे रिकामे करते. त्यामुळे एका बाजूने रक्तवाहिन्या सैल पडतात, तर दुसऱ्या बाजूने मनावर परिणाम होऊ शकतो. आज रक्तदाबाला पहिले औषध म्हणून ते क्वचितच देतात. तरीही गोळी घेऊन रक्तदाब वर्षानुवर्षे ताब्यात ठेवता येतो हा विश्वास वैद्यकाला ज्या पहिल्या औषधांनी दिला, त्यांत हे एक होते.

आता ज्या कथेसाठी हा विषय मी विशेषेकरून निवडला तिच्याकडे वळतो. नंदुरबार येथे १९२५ साली मनसुख छगनलाल वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट १९६२ साली मिळविली, आणि त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल या संशोधकाचे सहकारी झाले. वॉल यांच्याकडे तेव्हा चीनमधील एका झाडाचा अर्क होता. चिनी भाषेत त्या झाडाच्या नावाचा अर्थ आनंदवृक्ष असा होतो. हा अर्क कर्करोग झालेल्या उंदरांवर चांगला उपयोगी पडतो असे दिसले होते; पण त्यातील नेमके काय, ते ठाऊक नव्हते.

ते शोधण्याची रीत ऐकावयास सोपी आणि करावयास जिवावर येणारी आहे. अर्काचे निरनिराळ्या द्रवांच्या साहाय्याने दोन-चार भाग करावयाचे. प्रत्येक भाग रोगट उंदरांवर तपासावयाचा. ज्या भागात गुण दिसेल तो ठेवून बाकीचे टाकून द्यावयाचे, आणि त्या भागाचे पुन्हा भाग पाडावयाचे. दर खेपेस उत्तरासाठी थांबावे लागते, कारण उंदरांचा रोग आपल्या घाईने चालत नाही. असे करता करता शेवटी हाती आलेले पिवळसर स्फटिक म्हणजे कॅम्प्टोथेसिन. त्याची रचना वॉल, वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली जाहीर केली. पाच वर्षांनी, १९७१ साली, याच मंडळींनी अमेरिकेतील यू नावाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर जगभर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल ते हेच. कर्करोगाची दोन मोठी औषधे ज्या प्रयोगशाळेतून निघाली तिच्यात नंदुरबारला जन्मलेला माणूस काम करीत होता, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. वाणी २०२० साली निवर्तले.

कॅम्प्टोथेसिनचा मार्ग मात्र सरळ नव्हता. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा विरघळणारा क्षार करून रुग्णांना दिला. त्या फेरफारात रेणूतील एक कडे उघडले गेले, आणि नेमके त्या कड्यातच औषधाचा जीव होता. गुण कमी आला, उलट मूत्राशयातून रक्त जाऊ लागले. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत प्रयोग बंद पडले आणि औषध जवळजवळ विस्मृतीत गेले.

ते पुन्हा बाहेर आले १९८५ साली, जेव्हा ते पेशीत काय करते हे उमगले. सुंभाचा दोर वळताना त्याला नको इतका पीळ बसला की गाठी पडतात. मग एक पदर सोडून पीळ उतरवावा लागतो आणि पदर पुन्हा जोडावा लागतो. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या दोराचे असेच होते, आणि एक पदर कापून पीळ सोडण्याचे व तो परत सांधण्याचे काम टोपोआयसोमरेज नावाचे एन्झाइम करते. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि सांधू देत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी त्यामुळे अधिक मरतात, म्हणून ते कर्करोगावर चालते. आणि आतड्याच्या अस्तराच्या व रक्त बनविणाऱ्या मज्जेच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही त्याचा तडाखा बसतो. कारण कळल्यावर कड्याला धक्का न लावता विरघळणारी रूपे तयार करण्यात आली. टोपोटेकन व इरिनोटेकन ही ती औषधे. १९९६ साली अमेरिकेत दोघांनाही मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या, फुफ्फुसाच्या कर्करोगांत ती आज दिली जातात.

या कथेचा एक धागा पुन्हा महाराष्ट्रात येतो. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे लहान झाड आहे. फुलांच्या दुर्गंधीवरून त्याला हे नाव पडले, आणि जुने शास्त्रीय नावही त्याच अर्थाचे होते. मुंबईत गोरेगावला सीबाचे संशोधन केंद्र होते. तेथील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखविले की नरक्याच्या लाकडातही कॅम्प्टोथेसिन आहे, आणि तेही चीनच्या झाडापेक्षा कितीतरी अधिक. तोवर त्या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. मागणी वाढली तशी कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या रानांतून नरक्या तोडला जाऊ लागला, त्याच्या ढलप्या पोत्यांत भरून बाहेर जाऊ लागल्या, आणि पुढे तर चोरटी तोड सुरू झाली. तोडणाऱ्या मजुराला मिळते ती मजुरी, आणि औषधाची किंमत ठरते ती दुसऱ्याच खंडात. अमेरिकेच्या यू झाडावर आणि आपल्या हिमालयातील त्याच्या भाऊबंदावरही अशीच पाळी आली होती. त्या बाबतीत सुटका झाली ती युरोपातील यूच्या पानांमुळे. पानांतील एका पदार्थापासून टॅक्सॉल बनविण्याची रीत सापडली. साल सोलली की झाड मरते, पाने पुन्हा फुटतात. नरक्याच्या बाबतीत जम्मूच्या संशोधकांनी २००५ साली एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली: झाडाच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन बनविते. ती पिंपात वाढवून पुरेसे औषध काढता आले तर झाड वाचेल. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढल्या की बहुधा उत्पादन कमी करीत जातात.

शेवटी आपल्या रानाकडे येऊ. बिजाच्या लाकडाचे पेले आपल्याकडे विकले जातात. रात्री पाणी भरून ठेवावे, सकाळी ते तांबूस होते, उन्हात धरले की निळसर झाक मारते. मधुमेही माणसाने ते प्यावे असे सांगतात. हे सगळे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. बिजाच्या लाकडातून टेरोस्टिल्बीन, मार्सुपिन आदी पदार्थ वेगळे झाले आहेत आणि जनावरांत त्यांनी साखर उतरल्याचे दिसले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चार केंद्रांत नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांना बिजाचा अर्क देऊन पाहिला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा लहान नाही. पण हे सर्व सौम्य मधुमेहाचे रुग्ण होते, सर्वांना अर्कच दिला होता, आणि नुसत्या पथ्याने किती जणांची उतरली असती हे ताडून पाहण्यास दुसरा गट नव्हता. शिवाय त्यांना तोललेला अर्क दिला होता, पेल्यातील पाणी नव्हे. रोज धुतला जाणारा पेला पहिल्या दिवशी जेवढे देतो तेवढेच सहा महिन्यांनी देईल असे धरून चालता येत नाही. ज्याला पेल्याचे पाणी प्यावयाचे आहे त्याने खुशाल प्यावे, मात्र डॉक्टरांना सांगून प्यावे, साखर तपासत राहावे, आणि पेला घरी आला म्हणून गोळी किंवा इन्शुलिन बंद करू नये. आपल्या भागात घरोघर आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांनाही हेच लागू आहे. त्यांना झाडपाल्याची औषधे पुष्कळ सुचविली जातात, पण हायड्रॉक्सीयुरियाची जागा घेईल असे त्यांतील एकही अद्याप सिद्ध झालेले नाही.