तेच टेबल, तोच वेटर

'क्वीन मेरी २' साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघते, तेव्हा सात रात्रींचा प्रवास समोर असतो. पहिल्या संध्याकाळीच बहुतेक प्रवाशांना ठाऊक झालेलं असतं, की या सातही रात्री आपण कुठल्या टेबलाशी बसणार आणि आपल्याला कोण वाढणार. ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये टेबलाचा नंबर ठरलेला, वेळ ठरलेली, वेटर ठरलेला. दुसऱ्या रात्री तुम्ही खुर्चीत टेकता तेव्हा पाण्यात बर्फ नको हे त्याला सांगावं लागत नाही. तिसऱ्या रात्री तो मेन्यू हातात देतानाच हळूच सांगतो, की आजच्या सूपमध्ये मांसाचा अर्क आहे, तुमच्यासाठी दुसरं सांगू का?

समुद्रावरच्या उंची रेस्टॉरंटची सगळी प्रतिष्ठा या एका रिवाजावर उभी आहे, असं माझं ठाम मत आहे. चांदीचे काटे-चमचे, क्रिस्टलचे पेले, कडक इस्त्रीचे टेबलक्लॉथ हे सगळं किनाऱ्यावरही पैसे मोजून मिळतं. सलग सात रात्री आपल्याला ओळखणारा तोच माणूस वाढायला असावा, हे किनाऱ्यावरच्या हॉटेलात सहसा घडत नाही.

हा रिवाज अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांचा. तिथे जेवण भाड्यातच धरलेलं असे. घंटा झाली की भोजनगृहात जायचं, नेमून दिलेल्या जागी बसायचं आणि ठरलेला मेन्यू जेवायचा. या व्यवस्थेत पहिला मोठा बदल केला तो हँबर्ग-अमेरिका लाइनच्या आल्बर्ट बालीन यांनी. १९०५ साली त्यांच्या 'अमेरिका' या जहाजावर रिट्झ-कार्लटन नावाचं वेगळं रेस्टॉरंट सुरू झालं. हवं तेव्हा जावं, हवं ते मागवावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. सेझार रिट्झ यांच्या हॉटेलांतली शिस्त अशी पहिल्यांदा समुद्रावर आली.

सात वर्षांनी 'टायटॅनिक'वर त्याच धर्तीचं आ ला कार्त रेस्टॉरंट होतं. ते चालवायला लुइजी गात्ती या लंडनमधल्या इटालियन व्यावसायिकाकडे दिलेलं होतं. १४ एप्रिल १९१२च्या रात्री कॅप्टन स्मिथ यांच्या सन्मानार्थ वायडनर कुटुंबाने मेजवानी दिली ती इथेच. काही तासांनी जहाज बुडालं. गात्ती आणि त्यांची बहुतेक सगळी माणसं, म्हणजे इटलीहून आणि फ्रान्सहून आलेले वेटर आणि आचारी, त्यात गेली. साठाहून अधिक जणांतले जेमतेम तिघे वाचले. जहाजावरच्या सेवेचा इतिहास सांगताना झुंबरांची वर्णनं भरपूर होतात, या माणसांचा उल्लेख मात्र चटकन उरकला जातो. तो तसा उरकू नये.

'टायटॅनिक' ज्या व्हाइट स्टार कंपनीची, ती आणि क्युनार्ड या दोन्ही कंपन्या १९३४ साली एक झाल्या. आजही क्युनार्ड आपल्या सेवाशिस्तीला 'व्हाइट स्टार सर्व्हिस' म्हणते आणि नव्या माणसांना त्याच नावाखाली शिकवते. १९३६च्या मूळ 'क्वीन मेरी'वर मागच्या टोकाला व्हरांडा ग्रिल होतं. भिंतींवर डोरिस झिंकाइझन यांची चित्रं, जेवणाचे जादा पैसे, आणि रात्र वाढली की नाचगाणी. श्रीमंत आणि नामांकित प्रवाशांची ती आवडती जागा होती. 'ग्रिल' हा शब्द क्युनार्डच्या जहाजांवर तिथून पुढे मानाचा ठरला.

आजच्या 'क्वीन मेरी २'वर तो मान थेट केबिनच्या भाड्याशी जोडलेला आहे. सर्वांत महागड्या सुइट्ससाठी क्वीन्स ग्रिल, त्याखालच्यांसाठी प्रिन्सेस ग्रिल आणि बाकी बहुतेकांसाठी ब्रिटानिया. पहिला वर्ग, दुसरा वर्ग हे शब्द गेले, पण कोण कुठल्या दारातून जेवायला जातो यावरून भाडं कळतं. ही उतरंड मला मनापासून पटत नाही. तरी ब्रिटानियात बसणाऱ्याने स्वतःला कमी समजायचं कारण नाही. जहाजाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेलं, मधोमध तीन मजले उंच असं ते दालन आहे, आणि बार्बरा ब्रुकमन या डच कलावतीने केलेला भव्य भित्तिपट समोर दिसतो. ब्रिटानियात संध्याकाळच्या दोन पंगती, एक सहाच्या सुमारास आणि दुसरी साडेआठच्या. ग्रिलमध्ये टेबल रात्रभर तुमचंच. संध्याकाळी ठरलेल्या वेळांच्या आत केव्हाही या. क्वीन्स ग्रिलमध्ये मेन्यूत नसलेला पदार्थही आगाऊ सांगून करून घेता येतो.

आता प्रत्यक्ष वाढण्याकडे येऊ, कारण खरं कसब तिथे आहे.

प्रत्येक टेबलाला एक मुख्य वेटर आणि एक साहाय्यक. मुख्य वेटर ऑर्डर घेतो, पदार्थ समजावतो, वाढतो. साहाय्यक पाणी, ब्रेड, लोणी, रिकाम्या प्लेट्स सांभाळतो. त्यांच्यावर काही टेबलांचा मिळून एक हेड वेटर, आणि सगळ्या दालनावर मेत्र दोतेल. वाइनसाठी सोमेलिए वेगळा. तो आधी बाटलीवरची चिठ्ठी दाखवतो, मग ज्याने मागवली त्याच्या पेल्यात घोटभर ओततो, आणि त्याने मान हलवल्यावर इतरांना. बाटली उरली तर तिच्यावर केबिनचा नंबर लागतो आणि दुसऱ्या रात्री तीच बाटली टेबलावर येते. किनाऱ्यावर हे क्वचितच कुणी करील. इथे गिऱ्हाईक उद्या येणार याची खात्रीच असते.

ऑर्डर घेताना वेटर माणसं लक्षात ठेवत नाही, खुर्च्या लक्षात ठेवतो. दालनातली एखादी ठरावीक खूण, समजा मुख्य दार, धरून पहिली खुर्ची ठरते आणि तिथून क्रमाने आकडे. चिठ्ठीवर आकड्यासमोर पदार्थ. म्हणून आठ जणांच्या टेबलावर आठ वेगवेगळे पदार्थ येतात तेव्हा 'मासा कुणाचा?' असं तो विचारत नाही. असं विचारावं लागणं ही उंची रेस्टॉरंटमध्ये उणीव समजतात. ऑर्डर आधी स्त्रियांची, मग पुरुषांची. मोठ्या ताटातून चमच्या-काट्याने वाढायचं तर डाव्या बाजूने, पेय ओतायचं ते उजव्या बाजूने. टेबलावरचा शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत आधीच्यांच्या प्लेट्स उचलायच्या नाहीत. नाहीतर हळू जेवणाऱ्याला उगीच घाई होते. काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी-शेजारी समांतर ठेवली म्हणजे जेवण झालं, तिरकी एकमेकांपासून दूर ठेवली म्हणजे अजून चाललंय. गोड पदार्थाआधी टेबलक्लॉथवरचे ब्रेडचे कण एका वळणदार पट्टीने गोळा करतात.

आपल्या पंगतीत मीठ कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे हे जसं ठरलेलं असतं, तशी इथे काट्या-चमच्यांची मांडणी: पहिल्या पदार्थाची जोडी सर्वांत बाहेर, आणि जेवण पुढे सरकेल तसं आत यायचं. नवख्या माणसाने गोंधळून जायचं कारण नाही. चुकीचा काटा उचलला तर चांगला वेटर काहीच न बोलता पुढच्या पदार्थाआधी योग्य काटा आणून ठेवतो. पाहुण्याला ओशाळं होऊ न देणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

हे सगळं हलत्या जमिनीवर करायचं असतं. जुन्या काळी समुद्र खवळला की टेबलाच्या कडांना लाकडी पट्ट्या उभ्या करत आणि टेबलक्लॉथ ओला करत, म्हणजे प्लेट सरकत नसे. आता पाण्याखालचे स्थिरक पंख हेलकावे बरेच कमी करतात. तरी वाऱ्याच्या दिवशी पेले कमी भरतात, आणि वेटर पाय किंचित फाकवून, गुडघे सैल ठेवून चालतो. मोठ्या जहाजांवर वेटर स्वतःच गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, जाऊन पदार्थ आणतो. झाकण घातलेल्या प्लेट्सची चळत ट्रेमध्ये रचून ट्रे खांद्यावर. आगीची भीती समुद्रावर सर्वांत मोठी, म्हणून टेबलाशेजारी पेटवून दाखवायच्या पदार्थांवर बऱ्याच जहाजांनी बंधनं आणली. दिवे मंद करून पेटती 'बेक्ड अलास्का' मिरवत आणायची प्रथा पुष्कळ जहाजांवर होती, तिथल्या ज्वाळांच्या जागीही पुढे विजेचे दिवे आले.

घड्याळाचाही ताण असतो. न्यूयॉर्ककडे जाताना घड्याळ रात्री एकेक तास मागे जातं, परतताना ते दुपारी बारा वाजता एकदम एक वाजल्याचं दाखवतं. प्रवाशाला गंमत वाटते. न्याहरी आवरून दुपारच्या जेवणाची टेबलं मांडणाऱ्याचा मात्र तो तास जातो.

कारण रात्री वाढणारा माणूस बहुधा सकाळीही कुठेतरी कामावर असतो. सागरी कामगार करार, म्हणजे २००६चा आणि २०१३पासून लागू झालेला मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगतो. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत घेता येते आणि एक तुकडा निदान सहा तासांचा हवा. भारतानेही हा करार २०१५ साली स्वीकारला. म्हणजे कायदा पाळूनही दिवस फार मोठा होऊ शकतो, आणि असे दिवस महिनोन्‌महिने सलग.

ही माणसं कोण? हॉलंड अमेरिका लाइनवर इंडोनेशियन आणि फिलिपिनो वेटरांची जुनी परंपरा आहे. इंग्लिश जहाजांवर ही परंपरा आपल्या किनाऱ्याची आहे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी असत, इंजिनघरात पंजाब-सरहद्दीकडचे, आणि भोजनगृहात गोव्याचे. स्टुअर्ड, बटलर, आचारी हे काम गोव्याच्या ख्रिस्ती माणसांकडे आलं त्याचं एक कारण सरळ होतं: गोमांस, डुकराचं मांस आणि दारू हाताळायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. एका जहाजावरून उतरून दुसरं मिळेपर्यंत ते मुंबईत, विशेषतः धोबी तलाव भागात, आपापल्या गावाच्या कुडांमध्ये राहत. कूड म्हणजे गावाने चालवलेलं वसतिस्थान: ओळीने पेट्या, एका बाजूला वेदी, संध्याकाळी रोझरी. गोव्यातल्या कित्येक घरांचे मजले या माणसांच्या पगारावर चढले. इंग्लिश प्रवाशांनी ज्या सेवेला 'ब्रिटिश' म्हणून नावाजलं, तिच्यातला मोठा वाटा साष्टी-बारदेशातल्या हातांचा होता. हे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं.

आता हा रिवाज झिजतो आहे. २०००च्या सुमारास नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' ही कल्पना आणली: ठरलेलं टेबल नाही, ठरलेली वेळ नाही, पाहिजे त्या रेस्टॉरंटमध्ये जा. इतर कंपन्याही कमी-अधिक प्रमाणात त्या वाटेने गेल्या. स्टेकहाउस, इटालियन, जपानी अशी जादा पैशांची रेस्टॉरंट्स वाढली. तिथलं जेवण उत्तम असतं, सेवाही नेमकी असते. पण वेटर तुम्हाला बहुधा एकदाच भेटतो, आणि मग ती शहरातल्या चांगल्या हॉटेलातली सेवा होते. डिस्नेच्या जहाजांनी यावर काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिथे पाहुणे दर रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवतात, आणि त्यांचे वेटर त्यांच्याबरोबर फिरतात. जागा बदलते, ओळख टिकते.

मराठी प्रवासी आता मोठ्या संख्येने क्रूझवर जाऊ लागले आहेत, म्हणून त्यांना थोडं सांगायचं आहे. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरशी बोला. बऱ्याच जहाजांवर तो तुम्हाला दुसऱ्या दिवसाचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतो आणि गॅलीला तयारीला वेळ मिळतो. ठरलेल्या टेबलाची सोय मिळत असेल तर तीच निवडा. जेवायला येणार नसाल तर आधी सांगा. तुमची जागा दुसऱ्याला दिली जात नाही, दोन माणसं वाट पाहत उभी राहतात. आणि बिलात रोजची सेवा-रक्कम लावलेली असेल तर ती काउंटरवर जाऊन कमी करून घेऊ नका. ती तुमच्या वेटरपुरती नसते. गॅलीत आणि इतरत्र राबणाऱ्या, तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या माणसांमध्येही ती वाटली जाते.