कन्सोलचे यश : चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या शेजारी इमारतींच्या रांगा उभ्या राहून वाढलेल्या, आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरमध्ये कन्सोलची चर्चा ताशी दराने खेळू देणाऱ्या गेम पार्लरांत जशी रंगते, तशीच मुलाच्या हट्टापायी खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या घरांतही. या चर्चेत वारंवार कानी पडणाऱ्या चार समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

गैरसमज १ : ज्याचे यंत्र अधिक समर्थ, त्याचाच विजय.
वस्तुस्थिती : १९८९ साली निन्टेंडोने आणलेल्या गेम बॉयच्या पडद्यावर रंग नव्हते, सेगाच्या गेम गिअरचा पडदा रंगीत आणि प्रकाशमान होता. परंतु ही झळाळी सहा सेल काही तासांतच फस्त करी, आणि गेम बॉय मात्र चार सेलांवर कितीतरी अधिक काळ चाले. शिवाय अनेक देशांत त्यासोबत मिळणारा टेट्रिस आबालवृद्धांना सारखाच खेळता येई. गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख नग खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

गैरसमज २ : कंपनीचा नफा यंत्राच्या विक्रीत असतो.
वस्तुस्थिती : २००६ साली सोनीने प्लेस्टेशन ३ उत्पादनखर्चाहूनही कमी किमतीस विकला. हा दानधर्म नव्हता. त्या यंत्रासाठी खेळ काढणाऱ्या अन्य कंपन्यांस परवाना घेऊन शुल्क भरावे लागते, आणि यंत्रावरील तूट या उत्पन्नातून भरून काढण्याची तजवीज असते. सबब, ज्याचे गिऱ्हाईक पुढे खेळच घेत नाही, ते यंत्र खपूनही तोट्याचे ठरू शकते.

गैरसमज ३ : जो बाजारात आधी येतो, तो बाजी मारतो.
वस्तुस्थिती : सेगाचा ड्रीमकास्ट जपानात १९९८ च्या नोव्हेंबरात आला, प्लेस्टेशन २ तेथे २००० च्या मार्चमध्ये, तरीही २००१ साली सेगाला ड्रीमकास्टचे उत्पादन बंद करावे लागले, आणि प्लेस्टेशन २ ने साडेपंधरा कोटींचा टप्पा ओलांडला. पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ नव्या यंत्रावर चालत, म्हणून जुन्या गिऱ्हाइकाची पुंजी वाया जात नव्हती. आणि त्यातच डीव्हीडीही पाहता येत असल्याने घरातील वडीलधाऱ्यांची संमती मिळणे सुकर झाले.

गैरसमज ४ : आपल्याकडे कन्सोलची आवडच नाही.
वस्तुस्थिती : नव्वदच्या दशकात निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला घरोघरच्या टीव्हीला जोडल्या जात, आणि त्यांच्या ‘कॅसेटी’ मुले आपसांत बदलून घेत. उणीव आवडीची नव्हती, ऐपतीची होती. म्हणूनच जन्मानंतर दहा वर्षांनीही प्लेस्टेशन २ येथे विकण्याजोगा राहिला, आणि २०१० साली मुंबईच्या ट्राइन गेम्सने त्यावर गल्ली क्रिकेटचा खेळ काढला. उलट २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ येथे ४९,९९० रुपयांस आला. इतकी रक्कम एकदम मोजणे ज्यांना जड, त्यांची हौस पार्लर तासाच्या भाड्यात भागवते. ती हौस खरीच असते. यंत्रांच्या विक्रीच्या आकड्यांत तेवढी तिची नोंद होत नाही.

तात्पर्य, नव्या कन्सोलचे भवितव्य वर्तवू पाहणाऱ्याने चिपच्या वेगाची चौकशी शेवटी करावी. पहिल्या वर्षी कोणते खेळ येणार, जुने चालणार काय, आणि यंत्रासह खेळांची एकूण किंमत मध्यम घराला पेलेल काय, हे प्रश्न त्याआधीचे आहेत.