जन्मतः अंध मूल : ‘आता उशीर झाला’ हे वाक्य किती खरे?

मोतीबिंदू म्हाताऱ्यांनाच होतो, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात काही बाळे मोतीबिंदू घेऊनच जन्माला येतात. गरिबाच्या घरी तो वेळेत ओळखला जात नाही. ‘नशीब’ किंवा ‘मागच्या जन्माचे पाप’ म्हणून मूल आयुष्यभर अंधारात राहते.

वैद्यकशास्त्रही अशा मोठ्या मुलांबाबत फारशी आशा दाखवत नव्हते. त्याला आधार होता. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा कोवळ्या वयात बंद ठेवला. नंतर तो उघडूनही मेंदू त्याचा उपयोग जवळजवळ करत नव्हता. या संशोधनमालेसाठी त्यांना 1981 चे नोबेल मिळाले. पाहणे डोळ्याने सुरू होते, पण ते शिकावे लागते मेंदूला.

मग आठ-दहा वर्षांच्या मुलाचे काय? अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. अशा मुलांवर उपचार करायचे आणि त्यांची दृष्टी कशी घडते हेही अभ्यासायचे, असा हा दुहेरी उपक्रम आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 8 ते 17 वयाची पाच मुले होती. शस्त्रक्रियेनंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना जमले नाही. पण काही दिवसांनी पुन्हा तपासलेल्या मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. म्हणजे या वयातही मेंदू शिकतो.

अर्थात उशिरा उपचार झाल्यास नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत निदान व शस्त्रक्रिया होणे सर्वांत चांगले. म्हणून उशीर झाला तरी प्रयत्न सोडू नये, आणि मुळात उशीर होऊ देऊ नये.

इथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसते का? ते आईच्या चेहऱ्याकडे नजर लावत नाही का? डोळे सतत थरथरतात का? यातले काहीही दिसले तर ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे न्या. पांढरी झाक डोळ्यातील कर्करोगाचीही खूण असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी आणि पुढील उपचार मोफत आहेत. आपल्या वस्तीतील आशाताईंना आजच विचारा : असे एखादे मूल घरात बसून तर नाही ना?